टेकूंवर उभी इमारत : ‘मोहन जोशी हाजिर हो!’ आणि मुंबईतील घराचा दावा

सईद अख्तर मिर्झा यांनी दिग्दर्शित केलेला ‘मोहन जोशी हाजिर हो!’ हा 1984 सालचा हिंदी चित्रपट सामान्यतः न्यायव्यवस्थेवरील उपहासिका म्हणून ओळखला जातो. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे, कारण चित्रपटातील खटला ज्या गोष्टीवरून उभा राहतो ती गोष्ट, म्हणजे मुंबईतील एका जुन्या इमारतीतले भाड्याचे घर, या ओळखीत मागे पडते आणि तारखांमागून तारखा घेणाऱ्या वकिलांची गंमत तेवढी लक्षात राहते. प्रत्यक्षात या चित्रपटाचा मुख्य विषय न्यायालय हा नसून जमीन हा आहे. जुन्या वस्तीतील गरीब व निम्नमध्यमवर्गीय भाडेकरू ज्या जागेवर राहतात त्या जागेची किंमत त्यांच्या भाड्याच्या कितीतरी पट वाढली, की त्यांच्या डोक्यावरचे छप्पर गळू लागते. हे गळणे मालकाच्या आळसाचा परिणाम नसून त्याच्या व्यवसायाचाच एक भाग असतो. इतकी रुक्ष आर्थिक गोष्ट मिर्झांनी हसवत हसवत सांगितली, आणि ती मुंबईचे गिरणगाव उंच मनोऱ्यांनी व्यापण्याच्या पुष्कळ आधी सांगितली, हे या चित्रपटाचे खरे मोल आहे.

कथानक एका परिच्छेदात मावेल इतके साधे आहे. मोहन जोशी हे वृद्ध गृहस्थ आणि त्यांची पत्नी ज्या इमारतीत राहतात ती मोडकळीला आलेली आहे आणि तिचा मालक कुंदन कपाडिया दुरुस्तीकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून हे दांपत्य त्याच्यावर दावा लावते. मलकानी नावाचा वकील आणि त्याचा सहकारी त्यांची बाजू घेतात व वर्षानुवर्षे त्यांच्याकडून पैसे उकळत राहतात. मालकाच्या बाजूने एक चतुर वकीलबाई उभ्या राहतात. इमारतीतले शेजारी जोश्यांची टर उडवतात. अखेर न्यायाधीश स्वतः इमारत पाहायला येण्याचे ठरते, तेव्हा मालकाची माणसे जागोजागी टेकू लावून ती तेवढ्यापुरती उभी करतात. हा बनाव डोळ्यांसमोर यशस्वी होत असलेला पाहून मोहन जोशी ते टेकू स्वतःच्या हातांनी ओढून काढतात आणि इमारतीचा भाग त्यांच्या अंगावर कोसळतो. एखाद्या शोकांतिकेला शोभावा असा हा शेवट चित्रपटाने विनोदाच्या रुळावरून न उतरता गाठलेला आहे.

मालकाला दुरुस्ती का नको असते, हे समजण्यासाठी मुंबईच्या भाडेकायद्याकडे वळावे लागते, कारण त्याच्यावाचून कपाडिया हा नुसता पडद्यावरचा दुष्ट माणूस उरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात जागेची टंचाई होऊन भाडी भडकली, त्यांना आवर घालण्यासाठी निर्बंध आले, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, त्यांना मुंबई भाडे नियंत्रण कायद्याचे रूप मिळाले. या कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी असलेले भाडे हे ‘प्रमाणित भाडे’ ठरवले, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, आणि किरकोळ अपवाद वगळता ते तिथेच गोठले. भाडेकरूला घराबाहेर काढण्याची कारणेही कायद्याने मोजकीच ठेवली. याच कायद्याने इमारत राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती, आणि जोश्यांचा दावा याच जबाबदारीवर बेतलेला आहे. मात्र जबाबदारी आणि उत्पन्न यांचे गणित जुळेना. समजा एखाद्या चाळीत चाळीस खोल्या आहेत आणि प्रत्येकीचे भाडे वीस रुपये आहे, तर मालकाच्या हाती महिन्याला आठशे रुपये येतात; एवढ्या रकमेत तुळया बदलणे सोडाच, गच्चीची गळती थांबवणेही जमत नाही.

या कोंडीतून पागडी नावाची पद्धत फोफावली. पागडी म्हणजे खोली भाड्याने घेताना मालकाला द्यायची एकरकमी, पावतीविना रक्कम. पुढे भाडेकरूने आपला हक्क दुसऱ्याला विकला की त्या रकमेतील साधारण एक तृतीयांश वाटा पुन्हा मालकाकडे जायचा. 1947 च्या कायद्याने ती गुन्हा ठरवली होती, तरी शहरातील जुन्या घरांचा निम्म्याहून अधिक व्यवहार तिच्यावरच चालत होता असे म्हटले तर मुंबईत कोणी आश्चर्य करणार नाही. पागडी देऊन आलेला माणूस स्वतःला केवळ भाडेकरू समजत नाही, तो अर्धा मालकच असतो, आणि म्हणून तो जागा सोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात, इतकी वर्षे गोठवलेले भाडे अवाजवी व मनमानी झाले आहे असा निर्णय दिला, त्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, दरवर्षी चार टक्के भाडेवाढ मान्य झाली आणि पागडीही कायदेशीर ठरली. जोश्यांचा खटला पडद्यावर चालू होता तेव्हा हे सगळे दीड दशक दूर होते.

आता कपाडियाच्या बाजूने हिशेब मांडला तर त्याच्या वागण्यातील शिस्त दिसू लागते. भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी 1979 मध्ये ‘भाडे-तफावत’ ही कल्पना मांडली होती. एखाद्या जागेचा आजचा वापर मालकाला जेवढे उत्पन्न देतो आणि त्याच जागेचा सर्वांत किफायतशीर वापर केल्यास जेवढे उत्पन्न मिळू शकते, त्यांच्यातील अंतर म्हणजे ही तफावत. ती पुरेशी रुंदावली की भांडवल त्या वस्तीत परत येते, जुनी वास्तू जाते, नवी उभी राहते आणि जुने रहिवासी बाहेर फेकले जातात. या एकूण प्रक्रियेला ‘जेंट्रिफिकेशन’ असे नाव लंडनमधील समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये दिले. इस्लिंग्टनसारख्या कामगारवस्तीत मध्यमवर्गीय लोक जुनी घरे विकत घेऊन, डागडुजी करून राहायला येतात व त्यापायी वस्तीचा सामाजिक पोत बदलतो, हे त्यांनी टिपले होते. लंडनमध्ये घर वाचते आणि माणसे बदलतात. मुंबईत घरही वाचत नाही, कारण येथे जुन्या चाळीला सौंदर्यमूल्य चिकटलेले नाही आणि नफा भिंतींमध्ये नसून त्यांच्या खालच्या जमिनीत व वरच्या मोकळ्या आकाशात आहे. गोठलेल्या भाड्याने ही तफावत मुंबईत जगातल्या फार थोड्या शहरांत असेल इतकी मोठी केली. भाडेकरूला कायदा हलवू देत नाही, भाडे कायदा वाढू देत नाही, तेव्हा मालकाच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे काळ. पावसाळे जाऊ द्यायचे, सज्जे झडू द्यायचे, जिन्याचे कठडे कुजू द्यायचे, आणि इमारत पडण्याची वाट पाहायची.

मिर्झांच्या विनोदाची रचना या वाट पाहण्यावर उभी आहे. मालक वाट पाहतो आहे हे उघडच आहे, पण चित्रपटाची खरी चलाखी अशी की जोश्यांचे स्वतःचे वकीलही वाट पाहण्यातच पोट भरतात. वकिलाला प्रत्येक तारखेला पैसे मिळतात आणि निकाल लागला की ते मिळायचे बंद होतात. तेव्हा मुदत मागणे, कागद अपुरे असणे, समोरच्या वकिलाला अडचण असणे या गोष्टी त्याच्या दृष्टीने अडथळे नसून उत्पन्नाचे मार्ग आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये अशी मर्यादा 2002 साली अमलात आली. चित्रपटाच्या काळात तेवढीही अट नव्हती, आणि आज ती कागदावर असूनही लघुवाद न्यायालयात खेटे घालणारे अशील ती अट ऐकून हसतील. मालक, त्याचे वकील आणि जोश्यांचे वकील या तिघांचा फायदा एकाच गोष्टीत, म्हणजे काहीही न घडण्यात, आहे. न्यायासाठी लावलेला दावा अशा रीतीने मालकाच्या हातातल्या हत्याराला धार लावतो: जोशी जितक्या निष्ठेने कोर्टात जातात, तितका इमारतीला झिजायला वेळ मिळतो. हा उपहास न्यायाधीश भ्रष्ट आहेत असे म्हणणाऱ्या ढोबळ उपहासाहून कितीतरी जहाल आहे, कारण त्यात कोणी नियम मोडण्याची गरजच पडत नाही.

पात्रनिवडीतही असाच खोडसाळपणा आहे. ‘शोले’तला गब्बरसिंग म्हणून देशभर ज्याचा धाक होता त्या अमजद खान यांना मालकाची भूमिका दिली आहे. आदल्याच वर्षीच्या, कुंदन शाह दिग्दर्शित ‘जाने भी दो यारों’मध्ये नसीरुद्दीन शाह भाबडे, प्रामाणिक छायाचित्रकार होते, येथे ते गरिबाला लुबाडणारे मलकानी वकील आहेत, तिथे सतीश शाह भ्रष्ट आयुक्त आणि मग बराच वेळ त्याचे प्रेत होते, येथे ते मलकानींचे साथीदार आहेत, तिथे पंकज कपूर बिल्डर तरनेजा होते, येथे ते जागेच्या व्यवहारातले दलाल आहेत. ‘गांधी’ चित्रपटात कस्तुरबा साकारून जगभर पोहोचलेल्या रोहिणी हट्टंगडी मालकाच्या वकील म्हणून उभ्या राहतात. दोन्ही चित्रपटांचे संकलन रेणू सलुजा यांचे, संगीत वनराज भाटिया यांचे, आणि ‘मोहन जोशी’च्या पटकथेत युसुफ मेहता यांच्यासह सहभागी असलेले सुधीर मिश्रा ‘जाने भी दो यारों’शीही निगडित होते. म्हणजे मुंबईच्या जमिनीवर एकाच मंडळींनी लागोपाठ दोन काळे विनोदी चित्रपट केले, एक बांधण्याच्या भ्रष्टाचाराविषयी आणि एक न दुरुस्त करण्याच्या. पहिल्याला अफाट लोकप्रियता मिळाली. दुसरा जाणकारांपुरता राहिला, याचे एक कारण असे असावे की पहिल्यात महाभारताच्या प्रयोगाचा गोंधळ आहे आणि प्रेक्षक खुर्चीतून पडेपर्यंत हसतो, तर दुसऱ्यातले हसू घशात अडकते.

प्रमुख जोडीची निवड मात्र खोडसाळ नाही, ती विचारपूर्वक केलेली आहे. मोहन जोशी झालेले भीष्म साहनी हे ‘तमस’ या फाळणीवरील कादंबरीचे लेखक, आणि त्यांच्या पत्नीच्या भूमिकेतील दीना पाठक गुजराती रंगभूमी व भवाई या लोकनाट्याशी आयुष्यभर जोडलेल्या. दोघेही ‘इप्टा’ या भारतीय जननाट्य संघाच्या चळवळीतून घडलेले. व्यावसायिक नटाच्या सराईतपणाचा अभाव साहनींच्या बाबतीत गुणच ठरला आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेला हा माणूस अभिनय करतो असे वाटतच नाही. तो फक्त थांबलेला असतो. शिवाय साहनी या नावामागे एक जुनी आठवण उभी आहे. त्यांचे थोरले बंधू बलराज साहनी यांनी 1953 मध्ये बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मध्ये शंभू या शेतकऱ्याची भूमिका केली होती, ज्याची जमीन जमीनदाराला कारखान्यासाठी हवी असते, जो कोर्टात हरतो आणि कर्जाची रक्कम जमवण्यासाठी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. थोरल्या भावाची जमीन गेली आणि एकतीस वर्षांनी धाकट्याचे घर. दोन्ही वेळा कायदा उपस्थित होता. हा योगायोग असेल, पण हिंदी चित्रपटातील जागेच्या प्रश्नाचा प्रवास तो नेमका दाखवतो, आणि मध्ये ‘श्री 420’मधील स्वस्त घरांची फसवी योजना व भीमसेन यांच्या ‘घरौंदा’मधील तरुण जोडप्याचे बिल्डरने बुडवलेले पैसे हे टप्पे ठेवले की तो प्रवास पूर्ण होतो.

मराठी वाचकाच्या मनातली चाळ वेगळी आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’पासून तिथे सामायिक नळ, गॅलरीतल्या गप्पा, गणेशोत्सव आणि एकमेकांच्या स्वयंपाकघरात डोकावण्याची मुभा या गोष्टींचा ऊबदार थर बसलेला आहे. सई परांजपे यांचा ‘कथा’ हा चित्रपटही, जो श्री. ग. साठ्ये यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावर आधारित असून 1983 चा आहे, चाळीकडे प्रेमाने पाहतो. मिर्झांच्या इमारतीत शेजारधर्म नाही असे नाही, पण तो दाव्यापाशी येऊन थांबतो. शेजारी जोश्यांना वेड्यात काढतात, आणि त्यांचे हे वागणे वाटते तितके नीच नाही. दावा जिंकला तर दुरुस्ती सगळ्यांच्या घराची होणार आणि हरला तर खर्च व मालकाचा रोष एकट्या जोश्यांच्या वाट्याला येणार, अशा परिस्थितीत बाजूला उभे राहून टिंगल करणे हाच सामान्य माणसाचा हिशेबी मार्ग असतो. त्यातल्या काहींच्या मनात मालकाने पैसे देऊन जागा सोडवून घ्यावी ही आशाही असणार, कारण पागडीने प्रत्येक भाडेकरूला छोटा व्यापारी केलेले आहे. चाळीच्या एकोप्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे; तो एकोपा जागेच्या भावापुढे कसा विरघळतो यावर त्या मानाने कमी, आणि म्हणून हा हिंदी चित्रपट मराठी वाचकाने पाहण्यासारखा आहे.

मिर्झा हे शहर बाहेरून पाहत नव्हते. पटकथाकार अख्तर मिर्झा यांचे ते चिरंजीव, पुण्याच्या फिल्म संस्थेचे 1976 चे पदवीधर, आणि त्यांचे ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’, ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’, ‘सलीम लंगडे पे मत रो’ हे सर्व चित्रपट नायकाचे नाव शीर्षकात घेऊन मुंबईतील एकेक समाजगट हाताळतात. अल्बर्ट पिंटोचा बाप गिरणीकामगार आहे. ‘मोहन जोशी’ तयार होत होता तेव्हा 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणीसंपाने सुमारे अडीच लाख कामगारांची घरे उपाशी ठेवली होती. 1981 च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवरील झोपड्या उठवून लोकांना शहराबाहेर पाठवण्याचा जो आदेश काढला होता, त्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात पडून होता. त्याचा निकाल जुलै 1985 मध्ये लागला: उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे न्यायालयाने गौरवाने मान्य केले आणि नोटीस देऊन झोपड्या हटवण्यास परवानगीही दिली. हा निकाल मिर्झांनी पटकथेत घातला असता तर समीक्षकांनी अतिशयोक्ती म्हणून नाके मुरडली असती. विनोदाच्या बाबतीत वास्तव सरकारी पातळीवरही मागे नव्हते, कारण या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्तम चित्रपट म्हणून.

शेवटाचा विचार थोडा सावकाश करायला हवा. न्यायाधीशाने वादातील वास्तू स्वतः पाहणे, ज्याला स्थळपाहणी म्हणतात, ही चित्रपटाने लढवलेली युक्ती नाही; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशात तशी तरतूद आहे. इतकी वर्षे कागदांवर चाललेला वाद एकदा तरी विटा-मातीपर्यंत पोहोचेल या आशेने जोशी त्या दिवसाची वाट पाहतात, आणि नेमक्या त्या दिवशी इमारत खोटे बोलते. मुंबईच्या रस्त्यांवरून जाताना जुन्या चाळींना लावलेले टेकू कोणालाही दिसतात. ती दुरुस्ती नसते, दुरुस्ती लांबवण्याची सोय असते. न्यायाधीशांसमोर हेच टेकू पुरावा म्हणून सादर होतात आणि मान्यही होऊ लागतात. जोश्यांकडे आता एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे गुरुत्वाकर्षण. टेकू काढताच इमारत खरे बोलते, पण ते खरे बोलणे ऐकवण्याची किंमत फिर्यादीला स्वतःच्या देहाने मोजावी लागते. या कृतीला हौतात्म्य म्हणून पाहिले जाते, आणि दिग्दर्शकालाही ते अभिप्रेत असावे. तरी तिचे काळे टोक विसरता कामा नये. इमारत पडावी ही इच्छा मालकाची होती. भाडेकरूने ती पुरी केली.

चित्रपटाच्या मर्यादाही आहेत. वकिलांच्या लबाडीचे प्रसंग उत्तरार्धात पुनरुक्तीकडे झुकतात. जोश्यांचा मुलगा आणि सून, म्हणजे मोहन गोखले आणि दीप्ती नवल, यांच्या संसारावर या खटल्याचे काय ओझे पडते हे पाहायला पटकथेला पुरेशी सवड नाही, आणि दोन चांगले नट हाताशी असताना ही उणीव अधिक जाणवते. यांहून मोठा आक्षेप असा की चित्रपट मालकाला श्रीमंत आणि धूर्त ठरवून मोकळा होतो. जुन्या मुंबईत असेही शेकडो मालक होते ज्यांची एकुलती इमारत हीच मिळकत होती आणि जे भाड्यापेक्षा जास्त कर भरता भरता भाडेकरूंइतकेच खंगले. गोठलेल्या भाड्याने गरिबांना शहरात टिकवले आणि त्याच गोठलेल्या भाड्याने त्यांची घरे पोखरली, ही विसंगती चित्रपटाने हाती घेतली असती तर त्याचा उपहास अधिक अडचणीचा झाला असता. सरकारच्या वाट्याचाही विचार तिथे फारसा नाही. 1969 च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवून त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापले होते, पुढे ते म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात विलीन झाले, आणि तेव्हा मोजलेल्या अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या 19,642 होती, ज्यांतल्या 16,502 या 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या होत्या. मालक, भाडेकरू आणि मंडळ अशा तिघांवर विभागलेली जबाबदारी शेवटी कोणाचीच राहिली नाही.

1984 नंतर शहराने कपाडियाला वाट पाहण्याच्या त्रासातून बरेचसे मोकळे केले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 33 (7) या नियमाने उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास करणाऱ्याला वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक देऊ केला. चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे प्रमाण. जुन्या भाडेकरूंना त्याच जागी नवे घर मोफत द्यायचे, वरचे जास्तीचे मजले बाजारभावाने विकायचे आणि त्या विक्रीतून सारा खर्च व नफा काढायचा, असा हा सौदा आहे. त्यासाठी आधी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागत असे, अलीकडच्या नियमावलीत ती एक्कावन्न टक्क्यांवर आली. कागदावर हा मार्ग भाडेकरूला हुसकावत नाही, उलट त्याला मालकी देतो, आणि अनेक कुटुंबांना त्यातून खरोखर चांगले घर मिळाले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मधल्या काळासाठी भाडेकरू संक्रमण शिबिरात जातो, बिल्डर बदलतो किंवा बुडतो, दावे लागतात, आणि शिबिरातच एक पिढी म्हातारी होते. जो परत येतो त्याला मनोऱ्याचा देखभाल खर्च पेलत नाही, आणि घर विकून तो कल्याण-विरारच्या दिशेने सरकतो. गिरण्यांच्या जमिनीबाबत तर एवढाही आडपडदा राहिला नाही. 1991 च्या नियमानुसार त्या जमिनीचे महापालिका, म्हाडा व मालक यांच्यात तीन भाग व्हायचे होते. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. जिथे भोंगे वाजत होते तिथे मॉल आणि कचेऱ्या आल्या, हे आता पर्यटकांनाही ठाऊक आहे.

मराठी चित्रपटाने मिर्झांचा हा वारसा दोन दिशांनी पुढे नेला. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर महेश मांजरेकर यांनी 2010 मध्ये केलेला ‘लालबाग परळ’ गिरणगावाच्या पडझडीकडे आक्रोशाच्या अंगाने गेला. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने, ज्याला 2014 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मात्र मिर्झांच्या थंड विनोदाशी खरे नाते सांगितले. त्यात घराचा प्रश्न नाही, एका लोकशाहिरावरील हास्यास्पद आरोप आहे. पण तारीख हीच शिक्षा कशी होते हे ताम्हाणे मिर्झांहून अधिक शांतपणे दाखवतात, कारण त्यांच्या सरकारी वकीलबाई खलनायिका नसून दिवसभराचे काम उरकून लोकलने घरी जाणाऱ्या, मुलांच्या जेवणाची काळजी करणाऱ्या बाई आहेत. हट्टंगडींच्या वकीलबाईंना इतके घर मिळाले नव्हते.

मोहन जोश्यांनी टेकू काढले त्याचा कायदेशीर परिणाम काय, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही, पण त्याचे उत्तर मुंबईच्या मालक-भाडेकरूंसाठी फार मोलाचे आहे. इमारत कोसळली तर भाडेकरूचा हक्क तिच्याबरोबर मातीत जातो की जमिनीला चिकटून राहतो? सर्वोच्च न्यायालयाने आधी एका प्रकरणात तो संपतो असे म्हटले होते, म्हणजे कपाडियाची वाट पाहणे कायद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरत होते. 2014 मध्ये, शहा रतनसी खिमजी यांच्या प्रकरणात, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका बदलली आणि वास्तू नष्ट झाली तरी जमिनीवरील भाडेहक्क कायम राहतो असा निर्णय दिला. म्हणजे जोश्यांच्या इमारतीतील टिंगलखोर शेजाऱ्यांचा हक्क ढिगाऱ्याखालीही जिवंत आहे, हे चित्रपटानंतर तीस वर्षांनी निश्चित झाले. तोवर आणि त्यानंतरही इमारती पडतच राहिल्या. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारातील हुसैनी ही शंभराहून अधिक वर्षांची इमारत कोसळून 33 माणसे मेली; ती पुनर्विकासासाठी पाडायच्या इमारतींच्या यादीत आधीच होती. जुलै 2019 मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडला.

पडायला आलेल्या अशा इमारतींसाठी म्हाडा कायद्यात नव्याने घातलेल्या 79-अ या कलमाला 2022 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यानुसार इमारत धोकादायक ठरल्यावर मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने मिळतात, त्याने तो दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, आणि तिनेही दिला नाही तर जागा संपादन करून काम हाती घेण्याचा अधिकार म्हाडाला आहे.